मेजर नंबर दर बूटला बदलतो, तो कायमचा कसा करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सेन्सरची रीडिंग देणाऱ्या एका यूएसबी उपकरणासाठी तुम्ही लिनक्सवर कॅरेक्टर ड्रायव्हर लिहिलाय. आधी मेजर नंबर, म्हणजे कोणता ड्रायव्हर हे कर्नल ज्यावरून ओळखतो तो आकडा, २४० असा कोडमध्येच लिहून टाकला होता. तुमच्या मशीनवर ते चाललं, पण दुसऱ्या मशीनवर मॉड्यूल लोड करताना ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा एरर आला. मग कर्नलकडून डायनॅमिक नंबर घेतला, तर आज २३६ मिळतो, उद्या २३८, आणि एमकेनॉड ही कमांड वापरणारी तुमची स्क्रिप्ट भलत्याच नंबरचा नोड (उपकरणाची /डेव्हमधली फाइल) तयार करून ठेवते. त्यात भर म्हणजे सारखीच दोन उपकरणं जोडली की कोणतं शून्य आणि कोणतं एक, हे दर वेळी पालटतं. म्हणून तुम्ही विचारताय, की कर्नल नंबर कसा ठरवतो आणि कायमचा नंबर राखून ठेवता येतो का.

मी बरीच वर्षं ड्रायव्हर लिहितोय, आणि या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. समजा, मेजर नंबर कायमचा मिळाला. तरी दोन उपकरणांची अदलाबदल थांबणार नाही, कारण मायनर नंबर, म्हणजे त्याच ड्रायव्हरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ओळखायचा आकडा, मिळतो तो जोडणीच्या क्रमाने. तुमच्या प्रोग्रामला खरं तर कायम राहणारं नाव हवंय. नंबर हा कर्नलचा आतला पत्ता आहे, फार तर या बूटपुरता खरा. उपकरणाची ओळख त्या नंबरावर न टांगता हार्डवेअरच्याच एखाद्या गुणावर टांगली, की तुमच्या तिन्ही तक्रारी मिटतात. हे कसं करायचं ते सांगतो, पण आधी नंबर नेमका कुठे वापरला जातो ते बघू.

डिव्हाइस नोडवर ‘एलएस’ लांब स्वरूपात चालवा. साध्या फाइलीला जिथे आकार दिसतो, तिथे /डेव्ह/नल समोर ‘१, ३’ दिसेल. एक हा मेजर, तीन हा मायनर. आता रूट होऊन घरच्या फोल्डरमध्ये कुठल्याही नावाने ‘कॅरेक्टर, १, ३’ असा नोड एमकेनॉडने बनवा आणि त्यात काहीही लिहा, सगळं गडप होईल. कर्नलने नाव पाहिलंच नाही. त्याने इनोडमध्ये (फाइलसिस्टिम प्रत्येक फाइलीची माहिती ठेवते त्या नोंदीत) साठवलेले तीन तपशील पाहिले: प्रकार कॅरेक्टर की (डिस्कसारखा) ब्लॉक, मेजर किती, मायनर किती. कॅरेक्टर आणि ब्लॉक यांच्या नंबरांचे संसार वेगळे आहेत, हेही इथेच लक्षात घ्या. ब्लॉकचा ७ म्हणजे लूप डिव्हाइस, कॅरेक्टरचा ७ म्हणजे व्हर्च्युअल कन्सोलची मेमरी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

जुन्या युनिक्समध्ये मेजर नंबर म्हणजे कर्नलमधल्या ड्रायव्हरांच्या टेबलाचा सरळ इंडेक्स होता, आणि मायनर त्या ड्रायव्हरने स्वतःला हवा तसा लावून घ्यायचा. लिनक्समध्ये आता मधे एक नकाशा आहे. ड्रायव्हर ‘सीडेव्ह_अ‍ॅड’ करतो तेव्हा ‘या नंबरापासून इतके नंबर माझे’ अशी नोंद त्या नकाशात होते. कोणी नोड उघडला की कर्नल नंबरावरून ती नोंद शोधतो, तिथला सीडेव्ह (ड्रायव्हरने नोंदवलेलं स्ट्रक्चर) उचलतो आणि त्यातली रीड, राइट, आयओसीटीएल वगैरे फंक्शनं त्या उघडलेल्या फाइलीला जोडून देतो. यानंतर त्या फाइलीसाठी कर्नल नंबर पुन्हा बघत नाही. म्हणजे नंबराचं काम ओपनच्या क्षणी सुरू होतं आणि तिथेच संपतं. हा मुद्दा पुढे मायनरच्या घोटाळ्यात कामाला येणार आहे.

आता तुमचा २४०. लिनक्सच्या अधिकृत यादीत, म्हणजे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या डिव्हाइस लिस्टमध्ये, कॅरेक्टर मेजर २४० ते २५४ हे पूर्वी ‘स्थानिक किंवा प्रायोगिक वापरासाठी’ असे लिहिलेले होते. पुष्कळ ट्यूटोरियलं याच भरवशावर २४० वापरायला सांगतात. पण डायनॅमिक वाटपही याच पट्ट्यातून होतं. कर्नल २५४ पासून खाली उतरत पहिला मोकळा मेजर शोधतो, २३४ पर्यंत मिळाला नाही तर मग ५११ पासून ३८४ पर्यंत उतरतो. तुमच्या मशीनवर /प्रॉक/डिव्हाइसेस उघडून बघा. जीपीआयओचिप, आरटीसी, हिडरॉ, यूएसबीमॉन, एनव्हीएमई, वॉचडॉग अशी मंडळी २५४ पासून खाली ओळीने बसलेली दिसतील. ज्या मशीनवर असे ड्रायव्हर जास्त, तिथे ही रांग २४० ओलांडून खाली येते आणि तुम्हाला ‘बिझी’ ऐकायला मिळतं. कुठले ड्रायव्हर आधी लोड होतील हेही ठरलेलं नसतं, कारण बूट होताना बरीच मॉड्यूलं एकाच वेळी लोड होत असतात. तुमच्या २३६ आणि २३८ चं कारण एवढंच.

कायमचा नंबर मिळवण्याचा मार्ग आहे, तो म्हणजे त्या अधिकृत यादीत भर घालणारा पॅच पाठवणं. पूर्वी यासाठी लनाना नावाची नोंदवही होती, तिच्या साइटवरची प्रत आता सांभाळली जात नाही आणि कर्नलमधली यादीच प्रमाण मानतात. पण कर्नलच्या बाहेर वाढणाऱ्या ड्रायव्हरला तिथे जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, नव्या ड्रायव्हरने डायनॅमिक घ्यावा हीच रीत आहे. तुमच्या बाबतीत तर तशी गरजही नाही, कारण उपकरण यूएसबी आहे. यूएसबी सबसिस्टिमचा स्वतःचा राखीव कॅरेक्टर मेजर आहे, १८०. ‘यूएसबी_रजिस्टर_डेव्ह’ हे फंक्शन प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर कर्नल तुमच्या ड्रायव्हरचं जे फंक्शन चालवतो त्यात) बोलावलं की कर्नल तुम्हाला या १८० खाली एक मायनर देतो आणि नोडही करून देतो. तुमच्या सगळ्या मेजरच्या खटपटीला हा थेट पर्याय आहे. मायनर कुठून सुरू व्हावा ते तुम्ही सुचवता (कर्नलच्या यूएसबी स्केलेटन उदाहरणात १९२ आहे), पण कर्नल बांधताना डायनॅमिक मायनर चालू ठेवले असतील तर ती सूचना दुर्लक्षून पहिला मोकळा मायनर मिळतो. तेव्हा मायनरवरही भिस्त ठेवायची नाही.

उपकरण यूएसबी नसतं तर माझं उत्तर परिस्थितीनुसार बदललं असतं. एखाददुसराच नोड लागत असेल तर मी मिस्क डिव्हाइस निवडतो: मेजर १०, मायनर डायनॅमिक, एका ‘मिस्क_रजिस्टर’ कॉलमध्ये सगळं होतं. एका कार्डाचे आठ-दहा नोड लागत असतील किंवा कार्डंच पुष्कळ असतील, तर ‘अलॉक_सीएचआरडेव्ह_रीजन’ने स्वतःचा पट्टा घेतो आणि त्यातले मायनर आयडीएकडून (मोकळे आकडे वाटणाऱ्या कर्नलच्या सोयीकडून) वाटून घेतो. जुनं ‘रजिस्टर_सीएचआरडेव्ह’ मात्र नव्या कोडमध्ये नको. ते एका नोडसाठीही मेजरखालचे ० ते २५५ असे सगळे २५६ मायनर अडवून ठेवतं.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारून बघा: हा कॅरेक्टर ड्रायव्हर लिहायलाच हवा का? सेन्सरच्या रीडिंगसाठी कर्नलमध्ये आयआयओ, म्हणजे इंडस्ट्रियल आयओ ही सबसिस्टिम तयार आहे. तापमान आणि पंख्यांसाठी एचडब्ल्यूमॉन आहे, बटणांसाठी इनपुट आहे. त्यात बसलात तर नंबर, नोड, बफर, टाइमस्टॅम्प हे सगळं सबसिस्टिम सांभाळते आणि वरचे तयार प्रोग्रामही चालतात. तुमच्या उपकरणाचा प्रोटोकॉल मला माहीत नाही, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण ‘ठरावीक वेगाने चॅनेलची मूल्यं येतात’ एवढंच काम असेल, तर मी आयआयओच घेतला असता.

आता नोड. एमकेनॉडची स्क्रिप्ट काढून टाका. ही पद्धत त्या काळातली आहे जेव्हा /डेव्हमध्ये असलेल्या-नसलेल्या सगळ्या हार्डवेअरचे नोड आधीच करून ठेवलेले असत. कर्नल २.४ च्या काळात त्यावर डेव्हएफएस ही नोड आपोआप करणारी फाइलसिस्टिम आली, २००३ मध्ये यूडेव्ह हा तेच काम कर्नलच्या बाहेरून करणारा प्रोग्राम आला, आणि पुढे डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकलं. आज साखळी अशी चालते: ड्रायव्हर ‘डिव्हाइस_क्रिएट’ करतो (यूएसबी_रजिस्टर_डेव्ह आणि मिस्क_रजिस्टर तुमच्या वतीने तेच करतात), सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या उपकरणाच्या फोल्डरात ‘डेव्ह’ नावाची छोटी फाइल येते, तिच्यात ‘१८०:०’ असा मजकूर असतो. त्याच वेळी डेव्हटीएमपीएफएस ही कर्नलचीच फाइलसिस्टिम (२००९ पासून, २.६.३२ मध्ये आली) योग्य नंबराचा नोड स्वतः तयार करते. मग यूडेव्हला निरोप जातो, त्यात मेजर, मायनर आणि नाव असतं, आणि यूडेव्ह मालक, ग्रुप, परवानग्या आणि जादा सिमलिंक लावतो. उपकरण काढलं की नोडही जातो. नंबर दर वेळी वेगळा आला तरी नोड नेहमी बरोबर, कारण नंबर देणारा आणि नोड करणारा एकच आहे.

दोन उपकरणांची अदलाबदल थांबवायची ती इथे, यूडेव्हच्या नियमात. आधी ‘यूडेव्हअ‍ॅडम इन्फो’ला अ‍ॅट्रिब्यूट-वॉकचा पर्याय देऊन नोडपासून वर यूएसबी हबपर्यंतची सगळी माहिती छापून घ्या. त्यात व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि नशीब असेल तर सीरियल नंबर दिसेल. नियमात हे तिन्ही जुळवून सिमलिंक जोडायला सांगा, उदाहरणार्थ ‘सेन्सर-डावा’ आणि ‘सेन्सर-उजवा’, आणि प्रोग्रामने फक्त हीच नावं उघडायची. नियम लिहिताना तीन गोष्टी लोकांना हमखास अडवतात. तुलना करायला दोन बरोबर-चिन्हं लागतात, एक टाकलं तर ती नेमणूक होते. वरच्या साखळीतले गुण जुळवताना ते सगळे एकाच पालक-उपकरणाचे असावे लागतात, एक हबचा आणि एक इंटरफेसचा असं चालत नाही. आणि नोडचं मूळ नाव बदलायचा प्रयत्न करू नका. यूडेव्ह नेटवर्क इंटरफेसची नावं बदलतो, इतर नोडांना फक्त सिमलिंक जोडतो.

सीरियल नंबर नसेल तर काय? स्वस्त उपकरणांत तो रिकामा असतो, किंवा सगळ्या नगांत एकच छापलेला असतो, आणि मग ही उपकरणं एकमेकांपासून ओळखायला कर्नलकडेही काही साधन नसतं. अशा वेळी ओळख पोर्टावर टांगावी लागते: ‘या हबच्या तिसऱ्या पोर्टात जे असेल ते डावं’. मशीन एका जागी बसवलेलं असेल आणि वायरी कोणी हलवणार नसेल तर हे उत्तम चालतं. वायरी रोज काढल्या-घातल्या जाणार असतील तर चालत नाही. फर्मवेअर तुमच्या हातात असेल, तर प्रत्येक नगाला वेगळा सीरियल देणं हा सर्वांत चांगला उपाय.

आता मायनरकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या कोडच्या तुकड्यात मला एक धोका दिसला. तुम्ही उपकरणांची माहिती एका अ‍ॅरेत ठेवलीय आणि रीडमध्ये दर वेळी इनोडमधला मायनर काढून त्या अ‍ॅरेत जाताय. पुढचा प्रसंग डोळ्यासमोर आणा. उपकरण ‘अ’ला मायनर ० मिळालाय आणि एका प्रोग्रामने ते उघडून ठेवलंय. कोणीतरी ‘अ’ काढलं. डिस्कनेक्टमध्ये तुम्ही मायनर ० मोकळा केला. मग ‘ब’ जोडलं, त्याला पहिला मोकळा, म्हणजे ०, मिळाला. जुना प्रोग्राम अजून जिवंत आहे, त्याची फाइल अजून उघडी आहे. तो रीड करतो, तुमचा कोड अ‍ॅरेच्या शून्याव्या घरात जातो, आणि ‘अ’ समजून ‘ब’ची रीडिंग हातात ठेवतो. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. मोजमापाच्या कामात याहून वाईट बग मला माहीत नाही, कारण चुकीचे आकडे बरोबर आकड्यांसारखेच दिसतात.

उपाय सोपा आहे. मायनरवरून शोधायचं ते फक्त ओपनमध्ये, एकदाच. सापडलेल्या स्ट्रक्चरचा पॉइंटर फाइलीच्या प्रायव्हेट डेटात ठेवायचा आणि त्याचा केरेफ (ते किती जण वापरताहेत याची मोजणी) वाढवायचा. डिस्कनेक्टमध्ये स्ट्रक्चरवर ‘उपकरण गेलं’ अशी खूण करायची, पण मेमरी सोडायची नाही. रीड आणि राइटने लॉक घेऊन ती खूण बघायची आणि ‘नो सच डिव्हाइस’ परत द्यायचं. मेमरी सुटेल ती शेवटची उघडी फाइल बंद झाल्यावर. प्रोबमध्येही क्रम सांभाळा. रजिस्टर करताक्षणी कोणीही ओपन करू शकतं, त्यामुळे लॉक, बफर, सगळं तयार झाल्यावरच नंबर जगासमोर आणायचा.

काही ड्रायव्हर उलटा निर्णय घेतात, तोही तितकाच विचारपूर्वक. यूएसबी-सीरियल घ्या: शेवटचा वापरणारा जाईपर्यंत मायनर मोकळा होत नाही. म्हणूनच टर्मिनल उघडं ठेवून केबल काढली आणि पुन्हा लावली की टीटीवाययूएसबी० ऐवजी टीटीवाययूएसबी१ येतं. लोक याला बग म्हणतात, पण जुन्या हँडलला नवं उपकरण लागू नये याची ती काळजी आहे.

नंबराच्या आत डोकावायची वेळ आली तर एक सावधगिरी बाळगा. २.४ पर्यंत डिव्हाइस नंबर १६ बिटांचा होता, आठ मेजरला आणि आठ मायनरला. २.६ मध्ये तो ३२ बिटांचा झाला, १२ मेजरला आणि २० मायनरला. मात्र कर्नलच्या आतली मांडणी आणि बाहेर दिसणारी मांडणी एकच नाही. मेजर ८, मायनर १ हा डिस्कचा पहिला भाग घ्या. कर्नलच्या आत मेजर २० बिट सरकवलेला असतो, म्हणून पूर्ण संख्या होते ८३८८६०९. बाहेर ‘स्टॅट’ तोच नंबर २०४९ म्हणून देतो, कारण जुन्या आठ-आठ बिटांच्या जागा तशाच ठेवून मायनरचे जादा बिट वरच्या बाजूला टाकलेत, जेणेकरून जुने प्रोग्राम मोडू नयेत. तुमच्या लॉगमध्ये आणि प्रोग्राममध्ये वेगवेगळे आकडे दिसत असतील तर कारण हे असेल. स्वतः शिफ्ट करत बसू नका, मेजर, मायनर आणि नंबर जोडणारे मॅक्रो दोन्हीकडे तयार आहेत.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. एसडीए, एसडीबी यांना प्रत्येकी १६ मायनर असतात, त्यामुळे १५ पार्टिशननंतर नंबर दुसऱ्याच मेजरमध्ये, २५९ मध्ये, जातात. एनव्हीएमई डिस्कचे नंबर तर सगळेच २५९ मध्ये असतात. नंबरावरून ‘ही अमुक डिस्क’ असं गणित करणारी स्क्रिप्ट कुठे असेल तर ती बदला.

एका ठिकाणी मात्र नंबराला अजूनही मोठं वजन आहे, ते म्हणजे परवानग्या. कंटेनरला उपकरण वापरू द्यायचं की नाही, हे सीग्रुप (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) ‘कॅरेक्टर, मेजर, मायनर’ याच भाषेत ठरवतो. तिथे डायनॅमिक मेजर लिहून ठेवला तर पुढच्या बूटला कंटेनरला भलत्याच ड्रायव्हरची दारं उघडतील. नंबर कंटेनर सुरू करताना सिसएफएसमधून वाचून द्यावा. मेजर १८० ठरलेला असला तरी त्याखालचे सगळे मायनर खुले करू नका, इतरांची यूएसबी उपकरणंही त्यातच असू शकतात. आणि साध्या फाइलसिस्टिमवर बनवलेले जुने नोड शोधून काढून टाका. परवानगी नोडवर असते, उपकरणावर नाही, त्यामुळे सैल परवानगीचा एखादा विसरलेला नोड म्हणजे थेट ड्रायव्हरपर्यंत जाणारी वाट.

बदल केल्यावर पुन्हा अडलात, तर एररचा मजकूर नीट वाचा, तो बरंच सांगतो. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे नोडच नाही, प्रोब झाला का ते बघा. ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ म्हणजे नोड आहे, पण त्या नंबरावर ड्रायव्हर बसलेला नाही, बहुधा जुना हाताने केलेला नोड. मेजर १८० वर ‘नो सच डिव्हाइस’ आलं तर यूएसबी सबसिस्टिम जागेवर आहे, पण त्या मायनरचं उपकरण गेलंय. ‘परमिशन डिनाइड’ रूटलाही येत असेल तर ती फाइलसिस्टिम नोडेव्ह पर्यायाने माउंट झालीय, तिच्यावरचे डिव्हाइस नोड कर्नल उघडूच देत नाही.

अ‍ॅट्रिब्यूट-वॉकचा निकाल दोन्ही उपकरणं जोडून घ्या आणि इथे टाका. सीरियल वेगळे आहेत की नाहीत ते त्यात दिसेल, मग यूडेव्हचा नियम सीरियलवर लिहायचा की पोर्टावर ते ठरवता येईल.